जोर निघून जात नाही

अकरावीला लॉगॅरिदम शिकवायला घेतलं की दरवर्षी कुणीतरी विचारतंच, "मॅडम, कॅल्क्युलेटर असताना हे कशाला?" शिरूरच्या कनिष्ठ महाविद्यालयात गणिताची शिक्षिका म्हणून लागले तेव्हा हा प्रश्न यायचा. पुढे संस्थेनं दौंडला बदली केली, तिथंही आला. मी त्याला एकच उत्तर देत आले आहे: भूकंप समजण्यासाठी. मुलं पहिल्यांदा हसतात. शिरूर-दौंडकडं भूकंप कुठला? इकडं पाणी नसतं, नाहीतर भीमा-घोडला पूर येतो. जमीन हलल्याचं कुणाच्या फारसं आठवणीत नाही. तरीही महाराष्ट्रातल्या प्रत्येक माणसाच्या तोंडी भूकंपाविषयीचं एक वाक्य असतं. 'कोयना परिसरात सौम्य धक्का' अशी बातमी पेपरात आली की ते स्टाफरूममध्ये, एसटीत, बाजारात हमखास ऐकू येतं: बारके बारके धक्के बसत राहिलेले बरे, आतला जोर निघून जातो.

वाक्य शहाणपणाचं वाटतं. पण ते चूक आहे, आणि चूक का आहे हे दाखवायला लॉगटेबलातल्या दोन ओळी पुरतात. त्या दोन ओळी माझ्या हाताखालून गेलेल्या प्रत्येक मुलाला याव्यात, असं मला मनापासून वाटत आलं आहे.

त्याचं कारण किल्लारी. १९९३च्या ३० सप्टेंबरला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी तो भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, गणपती विसर्जन करून दमलेली माणसं गाढ झोपेत होती. मी तेव्हा पुण्यात बी.एस्सी.ला होते आणि राष्ट्रीय सेवा योजनेच्या तुकडीबरोबर तिकडं गेले. आमच्याकडं काम होतं याद्या करण्याचं: कुठल्या तंबूत किती माणसं, किती लहान मुलं, पत्रे कुणाला मिळाले, कुणाला नाही. याद्या करताना माणसं बोलायची. एका म्हाताऱ्या बाबांनी सांगितलेलं मी विसरू शकले नाही. आदल्या वर्षी, १९९२च्या पावसाळ्यात आणि त्यानंतर, किल्लारीला बरेच लहान धक्के बसले होते. ऑक्टोबरातला एक तर ४ रिश्टरच्या आसपासचा होता. लोक घाबरून बाहेर झोपले होते. मग धक्के थांबले. बाबा म्हणाले, "पोरी, आमाला वाटलं, जोर निगून गेला आसंल. मग आलो की घरात झोपाया."

घरात म्हणजे दगडमातीच्या दोन-दोन फूट जाड भिंतींत, वर फूट-दीड फूट मातीचं धाबं. सरकारी आकड्यानुसार त्या पहाटे ७,९२८ माणसं गेली.

तंबूत असतानाही जमीन अधूनमधून हलायची. लांबून गाडी आल्यासारखा घुर्र आवाज, मग पायाखाली थरथर. बायका लेकरं ओढून उघड्यावर धावत. सगळे आम्हाला विचारत, "हे थांबणार कधी?" आम्ही विद्यार्थी. काय सांगणार? याद्यांचे कागद हातात घेऊन नुसते उभे राहायचो. त्या प्रश्नाला उत्तर होतं, आणि ते निदान नव्याण्णव वर्षं जुनं होतं, हे मला पुढं शिक्षिका झाल्यावर, वर्गासाठी वाचताना समजलं.

जपानमध्ये १८९१ साली नोबी इथं मोठा भूकंप झाला. फुसाकिची ओमोरी या तरुण शास्त्रज्ञानं त्यानंतरच्या धक्क्यांची दिवसागणिक मोजदाद केली आणि १८९४ साली नियम मांडला: मोठ्या धक्क्यानंतरच्या धक्क्यांची रोजची संख्या उलटलेल्या दिवसांच्या व्यस्त प्रमाणात घटते. पहिल्या दिवशी शंभर असतील तर दहाव्या दिवशी दहा आणि शंभराव्या दिवशी एक. पुढं या नियमात थोडी दुरुस्ती झाली, पण गाभा तोच राहिला. हे फळ्यावर मांडलं की मुलं म्हणतात, म्हणजे लवकर संपलं की. मग मी बेरीज करायला लावते. पहिल्यापासून दहाव्या दिवसापर्यंत जेवढे धक्के, साधारण तेवढेच दहाव्यापासून शंभराव्यापर्यंत, आणि पुन्हा तेवढेच शंभराव्यापासून हजाराव्यापर्यंत. वेगळे काढून बघितले तर ते विरळ होत जातात, पण एकूण हिशेबात संपत नाहीत. किल्लारीच्या बायकांना महिनोन्‌महिने वाटत होतं की हे सरतच नाही, ते अगदी बरोबर होतं. भीतीमुळं तसं वाटत असेल असं आम्ही शहरातली पोरं समजत होतो. नियम त्या बायकांच्या बाजूनं होता.

वर्गात मात्र मी सुरुवात कोयनेपासून करते, कारण तिथले आकडे महाराष्ट्राचे आहेत आणि फार चांगले आहेत. कोयनेचं शिवसागर जलाशयाचं पाणी १९६२ला साठायला लागलं आणि परिसरात धक्के सुरू झाले. ११ डिसेंबर १९६७ला पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी ६.३ रिश्टरचा भूकंप झाला, कोयनानगर उद्ध्वस्त झालं, दोनशेच्या आसपास माणसं गेली. शिरूरमध्ये माझ्या सासूबाईंना ती पहाट आठवत होती: मांडणीवरची भांडी खणाणली आणि घरातले सगळे ओट्यावर आले. धरणामुळं झाल्याचं सर्वमान्य असलेल्या भूकंपांत जगात याहून मोठा नोंदलेला नाही. त्यानंतर आजपर्यंत त्या साधारण वीस बाय तीस किलोमीटरच्या पट्ट्यात धक्के चालूच आहेत. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिक संशोधन संस्थेतल्या हर्ष गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक वर्षं त्यांचा पाठपुरावा केला. त्यांच्या लेखांतली मोजदाद अशी: ५ आणि त्यावरचे २२, ४ आणि त्यावरचे सुमारे २००, आणि त्याखालचे हजारोंनी.

हे दोनच आकडे मी फळ्यावर लिहिते आणि टेबल उघडायला सांगते. २००चा लॉग २.३०१०. २२चा लॉग १.३४२४. वजाबाकी ०.९५८६. म्हणजे रिश्टरचा आकडा एकनं चढला की लॉगमध्ये संख्या जवळपास एकनं उतरते. साध्या भाषेत, धक्के दहापट कमी होतात. बेनो गुटेनबर्ग आणि चार्ल्स रिश्टर यांनी १९४४ साली कॅलिफोर्नियाच्या नोंदींतून हेच मांडलं. त्याआधी १९३९ला जपानच्या इशिमोतो आणि इडा यांना हीच गोष्ट वेगळ्या मापात दिसली होती. सगळ्या जगाचे भूकंप घेतले तरी तिरकी रेघ तीच येते. कोयनेच्या डोंगरात जे घडतं त्याला कॅलिफोर्नियाची वा जपानची काही खबर नाही, तरी उतार एकच. दोन आकड्यांच्या वजाबाकीतून ०.९६ आलं की वर्ग क्षणभर शांत होतो. इतकी वर्षं शिकवूनही मला तो क्षण हवाहवासा वाटतो.

मग हुशार मुलं पुढं जातात. "मॅडम, ५च्या वरचे २२, मग ६च्या वरचे दोन-अडीच यायला पाहिजेत. आला एकच." बरोबर आहे. नियम सरासरीचा आहे, तो दोनशेंवर चालतो, एकावर चालत नाही. हा प्रश्न विचारणाऱ्या मुलाला संख्याशास्त्राचा पहिला धडा मिळालेला असतो.

दुसरी हरकत उलट्या टोकाची असते. रेघ खाली न्या: ३चे हजारावर, २चे दहा हजारांवर, १चे लाखांत. पण यादीत तेवढे नसतात. आलेख डावीकडं वाकतो. शिरूरला कान्हूर मेसाईकडून येणारा एक मुलगा होता, त्याचे वडील विहिरींच्या कामावर सुरुंग लावायचे. त्यानं उत्तर आपसूक दिलं. म्हणाला, बारका बार उडवला तर बांधावर उभ्या माणसाला कळतो, गावात कळत नाही. यंत्र गावात असेल तर ते काय लिहिणार? नेमकं तेच. आलेख जिथं वाकतो तिथं निसर्गाचा नियम मोडत नाही, आपली यंत्रं कमी पडतात. यंत्रं वाढली की वाकण्याची जागा डावीकडं सरकते. आलेखात नक्की कुठपर्यंत विश्वास ठेवायचा ही अक्कल ज्याला आली, त्याला पुढं कुठल्याही सर्वेक्षणाच्या आकड्यांनी फसवणं अवघड.

आता तो जोर. १९७०च्या दशकात हिरू कानामोरी आणि टॉमस हँक्स यांनी रिश्टरचा आकडा थेट जमिनीत काय घडलं त्याच्याशी जोडला: भ्रंशाचा, म्हणजे खडकातल्या भेगेचा, किती भाग सरकला, किती सरकला, आणि खडक किती ताठ. त्यातून जे गुणोत्तर निघतं ते मी फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात लिहून चौकट करते आणि तास संपेपर्यंत पुसू देत नाही. रिश्टरचा आकडा एकनं वाढला की सरकलेल्या भागाची लांबी सुमारे ३ पट, क्षेत्रफळ १० पट, ऊर्जा ३२ पट. आणि धक्क्यांची संख्या एक दशांश.

संख्या दहापट घटते, ऊर्जा बत्तीसपट वाढते. सगळं उत्तर इथंच आहे. लहान धक्के संख्येनं कितीही असोत, ऊर्जेच्या हिशेबात ते मोठ्याला कधीच गाठू शकत नाहीत, कारण त्यांच्या संख्येची वाढ दहाच्या पायरीनं चालते आणि मोठ्याची ऊर्जा बत्तीसच्या. कोयनेवर हे ताडून बघायला लावते. ४ ते ५ मधले धक्के १७८ धरा. प्रत्येक साडेचारचा माना. ६.३ वजा ४.५ म्हणजे १.८, त्याला दीडनं गुणा, २.७. आता अँटिलॉगचं पान काढा: ०.७ समोर ५०१२, म्हणजे उत्तर ५०१. साडेचारचे पाचशे धक्के बसले तर १९६७च्या एका धक्क्याएवढी ऊर्जा मोकळी होईल. अर्ध्या शतकात बसले १७८. हिशेब एक तृतीयांशावर थांबला.

आणखी खाली जाऊ. पेपरात जे सौम्य धक्के येतात ते बहुतेक २ आणि ३चे. २चा धक्का घ्या. फरक ४.३, दीडपट ६.४५, अँटिलॉग सुमारे २८ लाख. रोज शंभर धक्के, एकही दिवस खाडा न पडता, तर ६.३ची बरोबरी व्हायला सत्याहत्तर वर्षं. इथं मी खडू खाली ठेवते आणि किल्लारीच्या त्या बाबांचं वाक्य सांगते. मला वाटतं, गणिताच्या तासाला मी केलेलं सगळ्यात महत्त्वाचं काम हेच असेल.

याचा व्यत्यास मुलं लगेच काढतात, आणि तो अडवावा लागतो. बारके धक्के जोर काढत नसतील तर ते मोठ्याची वर्दी देतात का? नेहमी नाही. पालघर जिल्ह्यात डहाणू-तलासरीकडं २०१८च्या नोव्हेंबरपासून महिनोन्‌महिने धक्के बसले, आदिवासी पाड्यांतली माणसं थंडीत बाहेर झोपली. त्यातले मोठे धक्के ४च्या आसपास राहिले. ६चा आला नाही. किल्लारीला लहानांच्या मागून वर्षभरानं मोठा आला. पुढं कुठला मार्ग घेणार हे लहान धक्क्यांच्या अंगावर लिहिलेलं नसतं. ४चा धक्का आणि ६चा धक्का सुरुवातीला सारखेच सुरू होतात. एक किलोमीटरभर फाटत जाऊन थांबतो, दुसरा थांबत नाही. धक्क्यांच्या संख्येचा हा नियम 'किती' सांगतो, 'कधी' सांगत नाही. व्हॉट्सॲपवर अमुक तारखेला भूकंप येणार म्हणून काही फिरायला लागलं की माझे जुने विद्यार्थी मला ते पाठवतात आणि खाली स्वतःच लिहितात, "तारीख आहे म्हणजे खोटं." मला त्याचं समाधान वाटतं.

दौंडला आल्यावर एक मुलगी भेटली, रेल्वे क्वार्टर्समध्ये राहणारी. तिच्या घरातल्या माठावरचं भांडं मालगाडी गेली की वाजतं, त्यामुळं कंप या विषयावर तिचा हक्कच होता. चौकटीतल्या आकड्यांकडं बघत ती म्हणाली, "मॅडम, क्षेत्रफळ दहापट होतं आणि संख्या दहाव्या हिश्श्यावर येते. मग गुणाकार तोच राहतो की." इतकी वर्षं ती चौकट मी काढत होते आणि पुस्तकातही हे वाचलं होतं, पण सतरा वर्षांच्या मुलीनं ते स्वतःहून बघितलं. ४चे सगळे धक्के मिळून भ्रंशाचं जेवढं क्षेत्र सरकवतात, तेवढंच ५चे सगळे, तेवढंच ६चे सगळे. निसर्गानं लहान-मोठ्यांना क्षेत्राची सारखी वाटणी केली आहे. ठरावीक मापाला कसलं झुकतं माप नाही. जिथं लाडकं माप नसतं तिथं घातांकाचाच नियम येतो, म्हणजे दर पायरीला संख्या सारख्याच पटीनं घटते. त्या दिवशी तास संपल्याची घंटा झाली तरी आम्ही बसून होतो.

तिनंच पुढं विचारलं की ६.३ म्हणजे आपल्या भागात केवढा तुकडा. तेही गणित सोपं आहे. खडकाचा ताठरपणा माहीत आहे, सरकणं पाऊण मीटरच्या आसपास धरलं, तर दीडशे चौरस किलोमीटर, म्हणजे साधारण बारा बाय बारा. दौंडपासून कुरकुंभपर्यंत जाऊन थोडं पुढं, आणि तेवढंच खोल. एवढा तुकडा काही सेकंदांत हातभर सरकतो. नकाशावर पट्टी ठेवून मुलांनी ते मोजलं तेव्हा ६.३ हा आकडा त्यांना पहिल्यांदा दिसला.

दौंडच्या मुलांचा हमखास प्रश्न उजनीचा. भिगवणकडं धरणाचं पाणी फुगलेलं ती लहानपणापासून बघतात. उजनी ११७ टीएमसी, कोयना १०५. मग उजनीत तसे भूकंप का नाहीत? प्रश्न फार चांगला आहे. कोयनेच्या धरणाची उंची १०३ मीटर, उजनीची त्याच्या साधारण निम्मी; खोल पाण्याचा दाब वेगळा. पण खरं कारण त्याहून खाली आहे. पाणी भूकंप घडवत नाही. खाली आधीच ताणलेला, सरकायच्या बेतात आलेला भ्रंश असावा लागतो. भेगांतून शिरलेलं पाणी तिथला दाब वाढवून त्याला सोडवतं. असा भ्रंश नसेल तर धरण कितीही मोठं असो, काही होत नाही. १९८५पासून वारणेच्या धरणात पाणी साठायला लागल्यावर कोयनेचे धक्के दक्षिणेकडं सरकले, कारण तिथं तो भ्रंशांचा पट्टा होता.

या चर्चेत एखादा पालक किंवा सहकारी म्हणतोच, आपला काळा पाषाण अखंड आहे, दख्खनला काही होत नाही. किल्लारीच्या आधी नकाशेही जवळपास हेच म्हणत होते. त्या वेळच्या भारतीय मानकात किल्लारी सगळ्यात सुरक्षित, पहिल्या विभागात होती. २००२च्या मानकात पहिला विभागच काढून टाकला. भूकंपानंतर किल्लारीला भोक पाडलं तेव्हा काळा पाषाण ३३८ मीटरवर संपला, खाली जुना ग्रॅनाइटसारखा खडक. कोयनेजवळ गोठणे इथं तीन किलोमीटर खोल भोक घेतलं, तिथं तो सव्वा किलोमीटरच्या आसपास संपला. कराडची भूकंप-संशोधनाची प्रयोगशाळा त्या कामासाठीच उभी आहे. आपण ज्याला अखंड म्हणतो तो वरचा थर आहे. धक्के खालच्या, फार जुन्या आणि भेगाळलेल्या खडकात जन्मतात.

लहान-मोठ्या धक्क्यांच्या संख्येचा हा नियम कुठून येतो याचं पक्कं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही, आणि हेही मी मुलांना सांगते. १९८७ साली पेर बाक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी वाळूच्या ढिगाचं गणित मांडलं: वरून एकेक कण टाकत राहा, ढीग आपोआप अशा अवस्थेला येतो की पुढचा कण एकाच कणाला घसरवेल किंवा अर्धी बाजू पाडेल. प्रत्यक्ष वाळू तशी वागली नाही. ऑस्लोच्या शास्त्रज्ञांनी १९९६ला तांदूळ घेतले, आणि लांब दाण्याच्या तांदळाचे ढीग बरोबर त्या नियमानं ढासळले. आखूड गोल दाण्याचे नाही. दौंडच्या प्रयोगशाळेत आम्ही परातीत बासमती ओतून बघितला. आलेख काढण्याइतकी मापं आमच्याकडं नव्हती, पण मुलांनी एक गोष्ट डोळ्यांनी पाहिली: मोठी घसरण होण्याआधी टाकलेला दाणा आधीच्या दाण्यांपेक्षा कुठल्याही अर्थानं वेगळा नव्हता.

आणि आता जिथं नियम थांबतो तिथलं सांगते, कारण मला सगळ्यात जास्त काळजी तिथली आहे.

२६ जानेवारी २००१चा भूजचा भूकंप ७.७ होता, किल्लारीचा ६.२. फरक दीड, दीडनं गुणून २.२५, अँटिलॉग १७८. भूजची ऊर्जा किल्लारीच्या पावणेदोनशे पट. सरकारी आकड्यांनुसार भूजमध्ये सुमारे १३,८०० माणसं गेली, किल्लारीत ७,९२८. ऊर्जा पावणेदोनशे पट आणि मृत्यू दुप्पटही नाहीत. मृत्यूला घातांकाचा नियम नाही. तिथं हिशेब बदलतो; तो भिंतीचा, छपराचा आणि पहाटेच्या वेळेचा असतो. किल्लारीच्या भिंती दोन तोंडांच्या होत्या, मधे मातीची भर, दोन्ही तोंडं बांधणारा आरपार दगड नाही. हादरा बसला की आतलं तोंड आत, बाहेरचं बाहेर, आणि वरचं धाबं खाली.

शिरूर-दौंडकडं धाबी आता कमी झाली. सगळीकडं कॉलम आणि स्लॅब. लोकांना वाटतं, स्लॅब पडला म्हणजे घर पक्कं झालं. वर्गात हा विषय निघाला तेव्हा एक मुलगा उठून म्हणाला, "माझे पप्पा सेंटरिंगचं काम करतात, त्यांना बोलावू का?" ते आले. साधा, कामाचा माणूस. मुलांसमोर उभं राहायला संकोचले, पण सळईचा तुकडा आणि एक रिंग घेऊन आले होते. त्यांनी दाखवलं: कॉलमच्या उभ्या सळयांना चौफेर धरते ती रिंग. तिची टोकं काटकोनात वळवून सोडली तर हादऱ्यात काँक्रीटचं आवरण फुटलं की ती उघडते आणि कॉलम बसतो. टोकं आणखी आत, कॉलमच्या पोटात वळवली, एकशे पस्तीस अंशांत, तर ती उघडत नाही. कॉलमच्या वरच्या-खालच्या टोकांना, बीमजवळ, रिंगा दाट लागतात. मानकात हे सगळं लिहिलेलं आहे. मग त्यांनी फार प्रामाणिकपणे सांगितलं, "मॅडम, वळवायला वेळ जातो, मालक घाई करतो, आणि स्लॅब पडल्यावर कुणाला दिसत नाही." मुलांनी त्यांना खर्चाचा फरक विचारला. एवढ्या घराच्या खर्चात तो कुठं दिसणारही नाही, असं ते म्हणाले.

तेव्हापासून लॉगॅरिदमच्या धड्यानंतर मी मुलांना घरचा अभ्यास देते तो गणिताचा नसतो. गावात जिथं कॉलम उभे असतील, काँक्रीट पडायचं असेल, तिथं विचारून जायचं आणि रिंगांची टोकं बघायची. न्हावरे, पाटस, रांजणगाव, केडगाव, सगळीकडून मुलं बघून येतात. काही ठिकाणी मालकानं त्यांच्या देखत रिंगा बदलायला लावल्या. काही ठिकाणी हाकलून दिलं.

पुणे आणि सोलापूर दोन्ही शहरं २००२च्या मानकानं भूकंपाच्या तिसऱ्या विभागात धरली, आणि आपण त्या दोन्हींच्या मधे राहतो. तुमचं घर बांधकामावर असेल, तर स्लॅबच्या आदल्या दिवशी एकदा स्वतः जा. मिस्त्रींना म्हणावं, "काका, रिंगांची टोकं आत वळलीत का, ते दाखवता?" वळलेली नसतील तर काँक्रीटची गाडी एक दिवस थांबवा.